युक्ती आणि मोजपट्टी



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात शाळेत घालवली. त्यामुळे विषय सुचवा असं संयोजकांनी म्हटलं, तेव्हा मी मानसशास्त्रातला असा भाग निवडला जो पाठ्यपुस्तकात कमी आणि स्टाफरूममध्ये, पालकसभेत, क्लासच्या फलकांवर आणि सकाळच्या व्हॉट्सॲपवर जास्त भेटतो. ‘एकवीस दिवसांत सवय लागते.’ ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के.’ ‘लहानपणी मोह आवरणारं मूल पुढे यशस्वी होतं.’ ‘शहरात कुणी मरत असलं तरी लोक ढुंकून बघत नाहीत.’ ही वाक्यं आपण इतक्यांदा ऐकली आहेत की ती कुणाची, कुठली, हे विचारायचं सुचतही नाही. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी खऱ्या निरीक्षणातून निघालं आहे आणि प्रत्येक फुगवलेलं आहे. फुगवटा काढला तर हाती काही लागतं का, आणि लागलं तर ते कोणत्या कामाचं, एवढाच आजचा प्रश्न.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रायन नोसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोठ्या चमूनं एक हिशेब मांडला. मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांत छापून आलेले १०० अभ्यास त्यांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा परिणाम दिसला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला आणि परिणामाचा आकार सरासरीनं निम्म्यावर आला. यावर दोन तऱ्हेचे सूर निघाले. एक म्हणाला, हे सगळं थोतांड आहे. दुसरा म्हणाला, थोडं वाढवून सांगितलं तर बिघडलं कुठे, लोकांचा फायदा होतो ना? राईचा पर्वत झाला म्हणून राईही खोटी, असं पहिल्या पक्षाचं म्हणणं. प्रत्येक पर्वताखाली राई असणारच, असं दुसऱ्याचं. खोदून बघायचे कष्ट दोघांनाही नको आहेत. आपण दोन-तीन ठिकाणी खोदून बघू.

पहिलं ठिकाण सगळ्यांच्या ओळखीचं. वॉल्टर मिशेल यांचा जन्म १९३० साली व्हिएन्नातला. नाझी आले आणि १९३८ मध्ये त्यांच्या कुटुंबाला देश सोडावा लागला. पुढे ते अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ झाले आणि साठच्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये त्यांनी एक साधा प्रयोग मांडला. चार-पाच वर्षांचं मूल, समोर टेबल, टेबलावर खाऊ आणि एक घंटी. खाऊ म्हणजे मार्शमॅलो, साखरेचा मऊ पांढरा गोळा. पण बिस्किटं आणि प्रेटझेलही वापरली जात. मुलाला सांगायचं, मी बाहेर जातो. मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, नाही राहवलं तर घंटी वाजव, मी लगेच येईन, पण मग एकच मिळेल.

मिशेल यांना त्या वेळी कुणाचं भविष्य सांगायचं नव्हतं. मूल थांबतं ते नेमकं काय करून, हे त्यांना बघायचं होतं. १९७० साली त्यांनी आणि एब एबेसन यांनी छापलेल्या प्रयोगात खाऊ डोळ्यांसमोर होता तेव्हा मुलं सरासरी १ मिनिटाच्या आसपास थांबली आणि खाऊ नजरेआड ठेवला तेव्हा ११ मिनिटांच्या वर. वय तेच, शाळा तीच. बदलली ती फक्त खाऊची जागा. काही मुलं स्वतःच्याच युक्त्या काढत होती. कुणी डोळ्यांवर हात घेतले, कुणी गाणं म्हटलं, कुणी हातापायांचे खेळ केले, कुणी चक्क झोपायचा प्रयत्न केला. पुढच्या प्रयोगांत मुलांना सांगितलं, हा गोळा म्हणजे ढग आहे असं समज. तर ती जास्त वेळ तग धरू शकली. चवीचा विचार करायला सांगितलं की लगेच घंटी वाजे. म्हणजे ज्याला आपण संयम म्हणतो आणि जन्मजात गुण समजतो, त्याचा बराच भाग शिकता येण्याजोगा निघाला.

मग १९९० साल आलं. त्या मुलांतली जी सापडली, त्यांचे कॉलेज-प्रवेश परीक्षेचे गुण मिशेल, युइची शोडा आणि फिलिप पीक यांनी लहानपणच्या मिनिटांशी ताडून पाहिले. संबंध ठळक दिसला. मूळ प्रयोगांत साडेसहाशेवर मुलं होती. पण हा निकाल ज्या गटावर उभा होता त्यात पन्नासहूनही कमी, आणि तीही बहुतेक विद्यापीठाच्या आवारातल्या सुशिक्षित घरची. लेखकांनी त्याच शोधनिबंधात सावध केलं होतं की नमुना लहान आहे, मोठ्या गटात हा संबंध कमी निघू शकेल. ही सावधगिरी पुढे कुणी वाचली नाही. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या ‘इमोशनल इंटेलिजन्स’मधून हा प्रयोग जगभर गेला. अमेरिकेतल्या काही शाळांत मुलांच्या टी-शर्टवर ‘मार्शमॅलो खाऊ नका’ अशी सूचना झळकली. घंटी, ढग आणि झाकलेला खाऊ वाटेत गळून पडले. उरला तो निकाल: थांबला तो जिंकला.

२०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. पदवी नसलेल्या आयांच्या मुलांकडे त्यांचं खास लक्ष होतं. चौथ्या-पाचव्या वर्षीचं थांबणं आणि पंधराव्या वर्षीचे गुण यांचा संबंध त्यांना दिसला, पण जुन्या आकड्याच्या निम्मा. आणि घरची परिस्थिती हिशेबात धरली की त्यातलाही दोन-तृतीयांश भाग गेला. २०२० साली तर मूळ बिंग शाळेतल्याच मुलांच्या चाळिशीनंतरच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास आला. लहानपणच्या मिनिटांवरून ती सांगता येत नव्हती. त्या अभ्यासाच्या लेखकांत मिशेल यांचंही नाव आहे. २०१८ मध्ये ते गेले, त्यानंतर तो छापून आला.

वर्तमानपत्रांनी लगेच मथळे दिले की मार्शमॅलोचा प्रयोग खोटा ठरला. श्रोतेहो, हाही एक पर्वतच. खोटं ठरलं ते मुलाचं भविष्य वर्तवणं. खाऊ झाकला की थांबणं सोपं जातं, हे १९७० सालचं निरीक्षण २०१८ च्या अभ्यासानं तपासलेलंच नाही. ज्याचं खंडन झालं तेवढंच खोडावं. खोडणाऱ्यांनाही टाळ्या हव्या असतात, आणि ‘सगळं खोटं’ म्हटल्यावर त्या जास्त मिळतात.

राई मात्र आणखी खोल आहे. रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ मुलांबरोबर एक प्रयोग केला. खाऊच्या आधी मुलांना चित्रकलेचं सामान दिलं आणि सांगितलं, थांबलात तर याहून छान सामान आणून देतो. अर्ध्या मुलांना ते खरंच आणून दिलं. उरलेल्यांना थोड्या वेळानं सांगितलं, माफ करा, नाहीये. त्यानंतर मार्शमॅलो. ज्यांना शब्द पाळलेला अनुभवायला मिळाला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली; ज्यांना फसवणूक अनुभवायला मिळाली ती ३ मिनिटं. दुसऱ्या गटात संयम कमी होता असं म्हणाल? त्या मुलांनी तर शहाणपणाचा निर्णय घेतला होता. स्वतः मिशेल यांना याची चाहूल फार आधी लागली होती. १९५८ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात त्यांनी त्रिनिदादमधल्या शाळकरी मुलांपुढे आजची छोटी गोळी की नंतरची मोठी, अशी निवड ठेवली होती. त्यात आफ्रिकी वंशाची मुलं होती, तशी भारतीय वंशाचीही होती. दोन्ही समाज एकमेकांबद्दल ठोकताळे ऐकवत होते: हे उधळे, ते कंजूष. मिशेल यांना निवडीचा संबंध घरात वडील असण्या-नसण्याशी दिसला. दिलेला शब्द मोठी माणसं पाळतात, हे ज्या मुलाच्या पाहण्यातच आलेलं नाही, त्यानं अनोळखी माणसाच्या वचनावर का थांबावं?

आमच्या शेजारच्या एका आईनं मोबाइलवर बघून हाच प्रयोग घरी केला. चॉकलेट ठेवलं, कॅमेरा लावला, आणि ती स्वयंपाकघरात गेली. पोरानं कागद काढून ते दुसऱ्या मिनिटाला तोंडात टाकलं. आई माझ्याकडे आली ती काळजीनंच, “काका, याच्यात मुळी पेशन्सच नाही हो.” मी पोराला विचारलं, का रे, थांबला का नाहीस? तो म्हणाला, “थांबलो की दादा खातो.” किड यांचा अख्खा शोधनिबंध त्या चार शब्दांत होता.

थांबण्याची सवय रीतिरिवाजातूनही येते. २०२२ साली छापलेल्या एका अभ्यासात जपानी मुलं खाऊसाठी जास्त थांबली आणि अमेरिकन मुलं बांधलेली भेटवस्तू उघडण्यासाठी. जपानमध्ये सगळ्यांची ताटं आल्याशिवाय जेवण सुरू करत नाहीत. अमेरिकेत नाताळच्या झाडाखालची खोकी ठरलेल्या दिवशीच उघडतात. ज्याची सवय, त्यात संयम. सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत पंगतीत हात आवरून बसणारी आपली मुलं कशात थांबतील आणि कशात नाही, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता दुसरं ठिकाण, आणि हे रक्ताचं आहे. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोवीज ही २८ वर्षांची तरुणी कामावरून घरी परतत असताना तिच्यावर हल्ला झाला आणि तिचा खून झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं पहिल्या पानावर बातमी दिली की ३८ प्रतिष्ठित नागरिकांनी अर्ध्या तासाहून अधिक काळ हा प्रकार पाहिला आणि एकानंही हल्ला चालू असताना पोलिसांना फोन केला नाही. ही बातमी जगभर गेली. शहरी माणूस दगड झाला, यावर अग्रलेख झाले, प्रवचनं झाली.

बातमी फुगवलेली होती. एका शेजाऱ्यानं खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवून लावलं होतं. तो परत आला आणि दुसरा हल्ला झाला तो इमारतीच्या मागच्या जिन्यापाशी, जिथलं बहुतेकांना काही दिसतच नव्हतं. अनेकांनी आवाज ऐकला होता, पण तो भांडणाचा की दारुड्यांचा, हे त्यांना उमगलं नव्हतं. सोफिया फरार नावाची शेजारीण खाली धावली आणि किटीला तिनं आपल्या हातांत धरून ठेवलं. २००७ साली रेचेल मॅनिंग, मार्क लिव्हाइन आणि ॲलन कॉलिन्स यांनी कागदपत्रं तपासून दाखवलं की ३८ जणांनी डोळ्यांदेखत खून पाहिला याला पुरावा नाही. २०१६ साली खुन्याच्या मृत्यूची बातमी देताना खुद्द ‘टाइम्स’नंच आपलं जुनं वार्तांकन सदोष होतं हे मान्य केलं.

मौजेची गोष्ट अशी की, या चुकलेल्या बातमीतून बरोबर प्रश्न निघाला. जॉन डार्ली आणि बिब लटाने या दोन तरुण मानसशास्त्रज्ञांनी विचारलं, लोक निर्दय आहेत हे सोडून दुसरं काही कारण असेल का? १९६८ साली छापलेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते. मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज येई. आपण एकटेच ऐकतो आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के जणांनी झटका चालू असतानाच खोलीबाहेर येऊन खबर दिली. आणखी चार जण ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. जे उठले नाहीत ते निवांत बसले होते असंही नाही. संशोधक आत गेले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आजारी मुलाचा: तो बरा आहे ना? जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला ती थोडी येते, हा त्यांचा निष्कर्ष.

मग त्याचाही पर्वत झाला: गर्दीत मदत मिळतच नाही. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रीकरण तपासलं. दहापैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी निदान एक जण तरी मध्ये पडला होता, आणि बघे जितके जास्त तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त होती. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. बंद खोलीत फक्त आवाज ऐकू येत असताना, इतरांचे चेहरे दिसत नसताना, प्रत्येक जण मागे राहतो. उघड्या रस्त्यावर, काय चाललंय हे सगळ्यांना दिसत असताना, शंभरातला एक तरी पुढे सरसावतो. अटी बदलल्या की निकाल बदलला.

यातून घेण्यासारखं काय? महामार्गावर अपघात झाला, पंचवीस माणसं गोळा झाली, तर ‘कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा’ असं ओरडू नका. एकाकडे बोट करून सांगा, “निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही १०८ लावा.” दुसऱ्याला सांगा, “ताई, तुम्ही मागची वाहनं थांबवा.” ‘कुणीतरी’ला नाव मिळालं की काम होतं. विशेष म्हणजे हे नुसतं माहीत असणंही उपयोगी पडतं. १९७८ साली छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात ज्या विद्यार्थ्यांना हे संशोधन शिकवलं होतं, त्यांच्यापैकी ४३ टक्के जण दोन आठवड्यांनी वाटेत पडलेल्या माणसाजवळ थांबले. न शिकवलेल्यांपैकी २५ टक्के. आपल्याकडे आणखी एक अट आहे, ती प्रयोगशाळेतली नाही. जखमीला दवाखान्यात नेलं तर पोलीस आणि कोर्ट मागे लागेल ही भीती. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला होत नाही, नाव सांगायची सक्तीही होत नाही. माणुसकी संपली म्हणून हळहळण्यापेक्षा हे कलम दहा जणांना सांगितलेलं बरं.

तिसरं ठिकाण शिक्षकांचं, म्हणून सरांच्या आठवणीला धरून. १९६८ साली रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांचं ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ हे पुस्तक आलं. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी शिक्षकांना सांगितलं, ही अमुक मुलं यंदा झेप घेणार असं चाचणीवरून दिसतं. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. वर्षाअखेर त्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढला. पर्वत तयार: शिक्षकानं विश्वास ठेवला की मूल हुशार होतं. वास्तविक हा फरक पहिली-दुसरीतच ठळक होता, वरच्या वर्गांत फारसा नव्हता, आणि चाचणीवरही कडक टीका झाली. पुढे १९८४ साली स्टीफन रॉडनबुश यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली आणि त्यांना एक अट सापडली. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून कमी काळ ओळखत असतील तरच सांगोवांगीचा परिणाम होत होता. ओळख जुनी असेल तर जवळजवळ शून्य. मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या शिक्षकाला कुणाची चिठ्ठी लागत नाही.

आता जूनमधली स्टाफरूम डोळ्यांसमोर आणा. नवा वर्ग मिळालेल्या बाईंना आधीच्या वर्गाचे सर हजेरीपट चाळत सांगतात, “हा बरा आहे. ही दोन नावं विसरा. याचा भाऊ माझ्याकडे होता, सगळं घराणंच तसलं.” रॉडनबुश यांचे दोन आठवडे ते हेच. छोटीशी गोष्ट आहे: शाळा उघडल्यावर पहिले पंधरा दिवस मुलांबद्दलचं काहीही ऐकून घ्यायचं नाही, आपली ओळख आपण करायची. या संशोधनातली ही राई. खर्च शून्य, धोका नाही.

बाकीचं भराभर सांगतो. एकवीस दिवसांचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात असं त्यांनी पाहिलं होतं. ‘निदान’ गळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला. फिलिपा लाली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्याच अभ्यासातली फारशी न सांगितली गेलेली गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. ‘सात टक्के शब्द’ हे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलं. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते आणि बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. तो आकडा सगळ्या संवादाला लागू असता तर मी आज तमिळमध्ये बोललो असतो तरी तुम्हाला ९३ टक्के व्याख्यान कळलं असतं. तरी शब्द आणि सूर यांचं जमत नसेल तर ऐकणारा सुराकडे झुकतो, एवढं त्यातलं खरं आहे आणि भांडणात ते उपयोगी पडतं.

आणि काही पर्वतांखाली फारसं काही सापडत नाही, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. इच्छाशक्ती वापरली की बॅटरीसारखी उतरते, हा सिद्धांत १९९८ सालापासून गाजला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर तो तपासला. परिणाम जवळजवळ शून्य. दोन मिनिटं ऐटीच्या पवित्र्यात राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात, हा २०१० चा निष्कर्ष ४२ जणांवर बेतलेला होता. २०१५ मध्ये २०० जणांवर संप्रेरकं बदललीच नाहीत, आणि मूळ लेखकांपैकी डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं आपल्याला आता वाटत नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या दुकानदारीला तर मी अतिशयोक्तीही म्हणणार नाही. अतिशयोक्ती व्हायला मुळात एक उक्ती लागते.

हे फुगतं कुठे? सगळा दोष पत्रकारांवर ढकलायची पद्धत आहे. कार्डिफच्या पेट्रॉक समनर यांच्या गटानं २०१४ साली ब्रिटनच्या २० विद्यापीठांनी आरोग्य-संशोधनाविषयी काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ निबंधांशी ताडून पाहिली. ४० टक्के पत्रकांतला सल्ला मूळ निबंधापेक्षा वाढवून दिलेला होता. म्हणजे हवा भरायला सुरुवात विद्यापीठाच्या दारातच होते. तिथून पुढे पत्रकार, पुस्तक, व्याख्याते, क्लास, आणि शेवटी तुमच्या भाचीचा फॉरवर्ड. प्रत्येक टप्प्यावर कुणी थापा मारत नाही. प्रत्येक जण एकेक अट गाळतो. कुणाला, कधी, किती, कुणाच्या तुलनेत, ही चार पदं गेली की उरतं ते सुभाषित.

मग ‘फायदा होतो ना’ म्हणणाऱ्यांना उत्तर काय? तुम्ही ध्यानात घेतलं असेल की या सगळ्या उदाहरणांत राई सापडली ती एकाच जातीची. खाऊ झाका. एकाकडे बोट करून मदत मागा. पंधरा दिवस कान बंद ठेवा. एक दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. या सगळ्या युक्त्या आहेत. माणसानं स्वतःच्या वागण्यात वापरायच्या. आणि पर्वत झाला तोही दर वेळी एकाच तऱ्हेचा. युक्तीची मोजपट्टी केली गेली आणि ती दुसऱ्याला लावली गेली. या मुलात संयम नाही. हे शहर निर्दय आहे. या शिक्षकाचा विश्वास कमी पडला. हा एकवीस दिवसही टिकला नाही.

कॅरल ड्वेक यांच्या ‘ग्रोथ माइंडसेट’चं हेच झालं. बुद्धी वाढवता येते हे मुलांना समजावलं तर फरक पडतो का, हे २०१९ साली अमेरिकेतल्या बारा हजारांवर नववीच्या विद्यार्थ्यांवर तपासलं गेलं. तासाभराहूनही कमी वेळाच्या उपक्रमानं मागे पडलेल्या मुलांची सरासरी श्रेणी ०.१ नं वाढली. छोटा परिणाम, पण जवळजवळ फुकट मिळणारा. कुठल्याही शाळेनं आनंदानं घ्यावा असा. मात्र तोच विचार शिक्षकाच्या तोंडी आला की होतं, “तुझा माइंडसेटच फिक्स्ड आहे.” शिकवणं जमलं नाही याचा जाब विद्यार्थ्याकडे मागायची सोय झाली. ड्वेक यांनी स्वतः या गैरवापराविरुद्ध लिहिलं आहे.

म्हणून पुराव्याचा निकष सगळीकडे सारखा ठेवायचं कारण नाही, असं माझं मत आहे. चूक निघाली तर किंमत कोण मोजणार, यावर तो ठरवावा. स्वतःवर करून बघायची, पैसे न लागणारी, जमली नाही तर सोडून देता येणारी युक्ती असेल, तर अर्ध्यामुर्ध्या पुराव्यावरही ती करून बघायला हरकत नाही. किंमत मोजलीच तर तुम्ही मोजाल, आणि तीही थोडी. पण मुलाची तुकडी ठरवायची असेल, उमेदवार नाकारायचा असेल, सार्वजनिक पैसा खर्चायचा असेल, तर पुरावा भक्कमच हवा. १९९३ साली ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. मोझार्ट ऐकल्यावर पंधरा मिनिटांपुरती एका प्रकारच्या कोड्यांत त्यांची कामगिरी थोडी सुधारली. त्याच्या जोरावर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. घरी मोझार्ट ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही, उलट संध्याकाळ चांगली जाते. सरकारी तिजोरीला मात्र तेवढं कारण पुरत नाही.

या सभागृहात शिक्षक आहेत, पालक आहेत, हाताखाली माणसं असलेले अधिकारी आहेत. दुसऱ्याला मोजण्याचा अधिकार आपल्या सगळ्यांकडे थोडाफार आहेच. पुढच्या वेळी असा एखादा निष्कर्ष ऐकलात तर खरा की खोटा हे लगेच ठरवायची घाई करू नका. त्याच्या गळलेल्या अटी शोधा, त्यातली युक्ती स्वतःपुरती वापरून बघा, आणि ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या नावापुढे लिहिण्याची वेळ आली तर पेन खाली ठेवा. शेजारच्या त्या आईला मी हेच सांगितलं, आणि वर एक जोडलं: थोरल्यालाही एक चॉकलेट द्या आणि मग धाकट्याला थांबायला सांगा.